ट्रॅक्टरचं इंजिन कोणी मारलं

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.१०
निर्णय घेतला. या महिन्यात ट्रॅक्टरचा निकाल लावायचा.

पार्श्वभूमी (नोंदीला पार्श्वभूमी हवीच, ऑफिसात ज्युनिअर मंडळींना मी हेच सांगतो): घर दोघा भावांचं, मधे सामाईक शेड. शेडमध्ये बाबांनी घेतलेला छोटा ट्रॅक्टर, बागेतलं गवत कापायचा. बाबा गेले, ट्रॅक्टर दोघांचा झाला. पाच महिन्यांपूर्वी इंजिन मेलं. दादाने मारलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आता दादा आपला अर्धा भाग विकून लेकीच्या गावी राहायला चाललाय, २८ तारखेला. विकत घेणारा शेड पाडणार. म्हणजे त्याआधी ट्रॅक्टर बाहेर काढायला हवा.

वहिनींकरवी दादाचा निरोप आला: ट्रॅक्टर ठेव, विक, पाण्यात बुडव. मला फक्त सीट दे. बाबांची जागा आहे ती.

उत्तर पाठवलं: आधी लेखी कबुली, मग सीट.

ही म्हणाली, अहो, सख्ख्या भावाकडून लेखी? मी म्हणालो, सख्खा आहे म्हणूनच. परक्याचं तोंडी चालवून घेतलं असतं.

या वाक्यावर मी समाधानी आहे.

२ फेब्रुवारी
स्वतःची उलटतपासणी. ती न करता दुसऱ्यावर बोट दाखवणाऱ्यांपैकी मी नाही. विमा कंपनीत एकवीस वर्षं नुकसानीची पाहणी करतोय. कोणाची गाडी कशी ठोकली, कोणाचं गोदाम कोणाच्या हलगर्जीपणाने जळलं, हे ठरवणं हेच माझं काम. तेव्हा तथ्यं:

१३ सप्टेंबर, संध्याकाळी: मी ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग केली. नेहमीप्रमाणे स्टिअरिंगला चिठ्ठी बांधली: "ऑइल बदलले. तपासले. चालवण्यास योग्य." खाली सही, तारीख.
१४ सप्टेंबर, सकाळी: दादाने ट्रॅक्टर बाहेर काढला. वीस मिनिटांत इंजिन किंचाळलं आणि जाम झालं. दादा-वहिनींनी ढकलत आत आणून ठेवला.

माझी चिठ्ठी आणि ती किंकाळी यांच्यामध्ये फक्त एक माणूस येतो. दादा.

तरी स्वतःला विचारलं: तुझं काही चुकलं का? घड्याळ लावून पाच मिनिटं प्रामाणिकपणे विचार केला. नाही.

५ फेब्रुवारी
लेकीची सूचना: ट्रॅक्टरमध्ये माती भरून फुलझाडं लावू या, फोटो छान येतील. मी म्हणालो, हे वादग्रस्त प्रकरण आहे, त्यात झेंडू लावता येत नाही. ती म्हणाली, मग काकांना सीट देऊन टाका ना, बाबा, त्यात काय एवढं. मी तिला तत्त्व म्हणजे काय ते समजावून सांगितलं. अर्ध्या तासाने पाहिलं तर तिच्या कानात हेडफोन होते. कधीपासून, ते कळलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
भंगारवाला आला. त्याने ट्रॅक्टरकडे पाहिलं आणि पुढच्या टायरला लाथ मारली. म्हणालो, लाथ मारू नका, हा पुरावा आहे. तो म्हणाला, साहेब, पुरावा बिरावा मला काय करायचाय, मी लोखंड घेतो. हाकलून दिला. जाताना म्हणाला, बोलवाल परत, सगळे बोलवतात.

उद्धट. पण नंबर लिहून घेतला.

१० फेब्रुवारी
फाइलसाठी शेडचे फोटो काढले. एकूण अकरा. त्यांपैकी क्रमांक सहा महत्त्वाचा: फळीवर इंजिन ऑइलचा डबा, उत्तम कंपनीचा, सील शाबूत. मी गरजेपेक्षा जास्त तेल आणून ठेवतो हे यावरून सिद्ध होतं. इतक्या काळजीवाहू माणसावर कोण संशय घेईल?

ही म्हणाली, जास्तीचं कुठलं? एकच डबा आणलेला तुम्ही. मी गाडीवर मागे बसले होते, तो डबा माझ्या मांडीवर होता, साडीला डाग पडेल म्हणून खाली पेपर घेतला होता.

माणसाच्या स्मरणशक्तीचा भरवसा देता येत नाही. (तिच्या.)

१२ फेब्रुवारी
फाटकाशी दादा दिसला. हातात पुठ्ठ्याचं खोकं. पाच महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं त्याने. म्हणाला, छोट्या, दोरी आहे का रे जाडशी?

सेहेचाळिसाव्या वर्षी मला छोट्या म्हणणारा हा जगातला एकमेव माणूस आहे. मी म्हणालो, कळवतो. तो म्हणाला, दोरी आहे की नाही हे कळवणार? मी म्हणालो, हो.

दोरी हिने दिली. माझ्या परवानगीशिवाय. घरात फितुरी आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार
तज्ज्ञाचं मत घ्यायचं ठरवलं. बाबांच्या वेळचा म्हातारा मिस्त्री बोलावला. त्याने ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली, पुसली, आत घातली, पुन्हा काढली. कोरडी ठणठणीत. माझ्यासमोर धरून विचारलं, तेल कोणी काढलं?

बदललं, मी म्हणालो.

तो म्हणाला, बदललं म्हणजे जुनं काढलं. ते कळलं. नवं कुठाय?

मी गळतीची शक्यता मांडली. तो गुडघे धरत खाली वाकला, टॉर्च मारला. बोल्ट घट्ट. फरशीवर एक थेंब नाही. उठताना हात पुढे केला, मी फाइल सांभाळत होतो म्हणून देता आला नाही. तो म्हणाला, साहेब, हे मशीन तेलाविना पळवलंय. आतून भाजून निघालंय. आता याला देव आला तरी उठवणार नाही. तुमच्या वडिलांनी मुलासारखं सांभाळलेलं हो.

माझ्या टिपणात लिहून घेतलं: "तेलाविना पळवले." पळवलं कोणी? दादाने! चालवणाऱ्याने सुरू करण्याआधी पट्टी बघायची असते, हा प्राथमिक नियम. मिस्त्रीला म्हणालो, इथे सही करा. त्याने सही केली नाही. फाइलला हात पुसले.

स्वतःची उलटतपासणी: तीन मिनिटं. (मिस्त्रीमुळे उशीर झाला होता.)

१८ फेब्रुवारी
रिपोर्ट जवळजवळ पूर्ण. आठ पानं. जोडपत्र म्हणून गेल्या वर्षीच्या रोजनिशीतली नोंद लावावी, म्हणजे दादाला बोलायला जागाच नाही. कपाटातून काढली. जशीच्या तशी उतरवतो:

"१३ सप्टेंबर. ट्रॅक्टर सर्व्हिसिंग. आधी चिठ्ठी लिहून बांधली (ऑफिसची शिस्त: आधी फॉर्म, मग काम, म्हणजे फॉर्म राहत नाही). जुनं तेल काढलं. बोल्ट आवळला. साहेबांचा फोन. गोदामाच्या रिपोर्टमधली चूक कोणाची, यावर पन्नास मिनिटं. माझी नाही हे पटवून दिलं. जेवलो. दोन शिंका आल्या. लवकर झोपलो. दिवस सार्थकी लागला."

वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

नवं तेल घातल्याचा उल्लेख नाही. शक्यता अशी की घातलं, पण लिहायचं राहिलं. मात्र शिंका लिहिल्यात.

उलटतपासणी केली नाही. आज थकवा आहे.

पान फाडलं नाही, मी तसला माणूस नाही. फक्त पुढच्या पानाला स्टेपल केलं.

१९ फेब्रुवारी. पहाटे ५.३०
स्टेपल काढली. नोंद तीच आहे.

२० फेब्रुवारी
दोषाची फेरवाटणी. दादा साठ टक्के (पट्टी तपासली नाही), साहेब तीस (अवेळी फोन), मी दहा.

२१ फेब्रुवारी
ऑफिसात एका ट्रकवाल्याचा क्लेम होता. म्हणाला, गॅरेजवाल्याने ओके म्हणून लिहून दिलं होतं, मी कशाला ब्रेक तपासू? मी ताडकन म्हणालो, बरोबर आहे, लिहून देणारा जबाबदार. निर्णय त्याच्या बाजूने दिला, सही केली. मग पेनाचं टोपण लावता येईना.

दादाने पट्टी का तपासली नाही? कारण स्टिअरिंगला चिठ्ठी होती. तपासले, चालवण्यास योग्य. अक्षर माझं. सही माझी.

दादा दहा टक्के.

२२ फेब्रुवारी, रविवार
दादा शून्य. साहेब तीसवरून पाचवर; ते पाच मात्र मी सोडणार नाही.

२४ फेब्रुवारी
माफीपत्राचा मसुदा. पहिल्या खर्ड्यात "अनवधानाने" हा शब्द नऊ वेळा आला. दुसऱ्यात "परिस्थितीजन्य". तिसरा बरा आहे, सात पानं, घटनाक्रमासह.

हिने वाचला. म्हणाली, अहो, भिंतीपलीकडे राहतात ते. जाऊन म्हणा, दादा, चुकलं माझं. तीन शब्द आहेत, त्याला सात पानं कशाला? मी म्हणालो, तीन शब्दांत संदर्भ येत नाही. ती म्हणाली, संदर्भ त्यांच्या तोंडासमोर जाम होऊन पडला होता.

हिला कायदेशीर भाषेचं वावडंच आहे.

२६ फेब्रुवारी
मसुदा घेऊन गेलो. वहिनींनी दार उघडलं. म्हणाल्या, या की भावजी, कप बांधलेत सगळे, पण चहा देते वाटीत. मागे घर रिकामं. भिंतीवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन. दादा मागच्या खोलीत पलंग सोडवत होता, हातोडीचे आवाज येत होते.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, पान चार उलटं लागलंय. म्हणालो, नंतर येतो. अर्धवट कागद देणं योग्य नव्हतं.

२७ फेब्रुवारी. संध्याकाळी
सीट काढली. चार बोल्ट, चारही गंजलेले. शेवटचा तुटला, सोबत अंगठ्याचं साल गेलं. सीटखाली बाबांनी घडी घालून ठेवलेलं हात पुसायचं फडकं निघालं. ते तसंच ठेवलं.

सीट काखेत, मसुदा हातात, गेलो. दादा खोक्यावर बसला होता. मी उभं राहूनच पान एक वाचायला लागलो. दुसऱ्या परिच्छेदात तो म्हणाला, बस कर छोट्या, माहितीये मला.

काय माहितीये?

म्हणाला, इंजिन बंद पडलं त्याच क्षणी मी पट्टी काढून पाहिली. कोरडी. मग तुझी चिठ्ठी वाचली. म्हटलं, विसरला बिचारा, येईल आपणहून. आणि दुसऱ्या दिवशी तू आलास तो अंगणातूनच ओरडत, दादा, इंजिन मारलंस तू. तुझ्या वहिनीसमोर. म्हटलं, बघू या, याला किती दिवस लागतात.

पाच महिने! पाच महिने हा माणूस सगळं जाणून गप्प बसला, आणि मी इकडे अकरा फोटो काढतोय! महत्त्वाची माहिती दडवणं, आमच्याकडे याच एका मुद्द्यावर क्लेम फेटाळतात. मी हे त्याला मोठ्याने सांगितलं. म्हणालो, आता कबुली तुझीच हवी, लेखी. त्याशिवाय सीट नाही.

तो उठला. खोक्याला दोरी बांधू लागला. आपलीच दोरी.

सीट घेऊन परत आलो.

ही जेवताना बोलली नाही. लेक बोलली: बाबा, तुम्ही माफी मागायला गेला होतात ना?

२८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ६.००
झालं गेलं. ट्रक आठला येणार आहे. जायचं, सीट द्यायची, तीन शब्द म्हणायचे. मसुदा नेणार नाही.

६.२०
दाढी केली. दाढी वाढलेल्या तोंडाने माफी बरी दिसत नाही.

६.४०
आरशासमोर सराव. "दादा, चुकलं माझं" की "माझं चुकलं, दादा"? पहिलं.

७.१५
पलीकडे कुलूप.

ट्रक साडेसहालाच आला होता. हिने दोनदा हाक मारली म्हणे. मी नळ सोडला होता.

शेडमध्ये गेलो. स्टिअरिंगला माझी सप्टेंबरची चिठ्ठी अजून तिथेच. उलटी बांधलेली दिसली म्हणून सोडली. मागच्या कोऱ्या बाजूवर दादाचं अक्षर:

"इंजिन मी मारले. लेखी दिले आहे. आता सीट पाठव. – दादा"

खाली सही. तारीखही घातली आहे, माझ्यासारखी.

९.४०
ही दारात आली. म्हणाली, त्यांचा नवा पत्ता आहे माझ्याकडे. सांगू? मी म्हणालो, लिहून दे. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या मसुद्याचं सातवं पान घेतलं, मागे पत्ता लिहिला आणि परत दिलं. उरलेली सहा पानं सीटला गुंडाळायला लागली. फडकं आतच ठेवलंय.

११.००
भंगारवाला आला. त्याने टायरला लाथ मारली. मी काही बोललो नाही.