मायन्यात सौ. नव्हतं

लॉज, खोली चार
सोमवार, ३ तारीख

चि. सौ. मुंगीस अनेक आशीर्वाद.

आपण दोघी, आणि आपल्यासारख्या ज्या ज्या बायकांना कुणीतरी 'थांब जरा' म्हणून बसवून ठेवलंय त्या सगळ्याजणी, आपली तक्रार एकच. थांबायला सांगणारा स्वतः कधी थांबत नाही. तो वेळेवर जेवतो, वेळेवर झोपतो. दाराकडे तोंड करून बसायचं ते आपण. झालं माझं भाषण. बाबा मला उगाच भोंगा म्हणत नसत.

आता बातमी. अकरा वर्षांपूर्वी तुझा नवरा बोअरच्या मशीनवर फिटर म्हणून या भागात आला. तीन वर्षं त्याची पत्रं आली, मग आठ वर्षं चिटपाखरू नाही. तो कधीचाच वारला, असं गेल्या महिन्यात मला सांगणारा ट्रकवाला खोटं बोलणारा वाटला नाही. पण ट्रकवाल्याचा शब्द तुझ्या नर्सिंग शाळेच्या अर्जाला जोडता येत नाही. तिथे नवऱ्याची संमती हवी नाहीतर त्याच्या मृत्यूचा दाखला. मुदत तीस तारखेपर्यंत. म्हणून मी इथे आले.

इथल्या कचेरीत मृत्यूची नोंदवही तारखेवार लावलेली असते, नावावर नाही. कारकुनाने तारीख विचारली. म्हटलं, तारीख कळावी म्हणूनच तर आले. तो म्हणाला, मग तारीख घेऊन या. चांगला माणूस आहे, चहा विचारला, पण आठ वर्षांच्या वह्या एका बाईसाठी चाळायला त्याला दहा जन्म लागतील म्हणाला. शेवटी त्यानेच युक्ती सांगितली. इथलं साप्ताहिक दर अंकात चौथ्या पानावर निधनवार्ता छापतं. उद्यापासून छापखान्याच्या मागच्या खोलीत गठ्ठे सोडायला बसणार. छापखान्याच्या मालकीणबाईंनी बसायला शाईचा रिकामा डबा दिलाय.

तुझ्या सासरेबुवांनाही माझा नमस्कार, कारण हे पत्र आधी तेच वाचतील. जन्मभर पोस्टमास्तर म्हणून लोकांची पत्रं बंद पोचवली, आता घरातली उघडून पोचवतात.

माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझी ताई

घर
शुक्रवार, ७ तारीख

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मामंजींनीच हातात दिलं. तुझा नमस्कार त्यांना पोचला, देताना एवढंच म्हणाले.

इथे सगळं ठीक आहे. सासूबाईंचा डावा हात अजून उचलत नाही. त्यांच्या उशाशी मी पितळेची घंटा ठेवली आहे. ती दिवसातून चाळीस वेळा वाजते. पाणी हवं असतं, कुशी बदलायची असते, आणि बाकी वेळा दारात कुणी आलं का ते बघायचं असतं. मी जाते, बघते, येऊन सांगते, अजून नाही. मग त्या माझा हात धरून ठेवतात. उजव्या हातात ताकद फार आहे गं त्यांच्या.

मामंजी तुझ्या शोधाला हसले. म्हणाले, गोदामामागच्या त्या नोंदणीच्या खोलीत अर्धं दप्तर वाळवीने खाल्लंय आणि खिडकी एक वाजता बंद होते, भोंग्याला घसा कोरडा करून परत यावं लागेल. वर म्हणाले की मुलगा कधीही दारात उभा राहील, त्या वेळी घरात बायको नसली तर त्याला काय सांगायचं. त्यांचंही चुकत नाही, असं मला कधी कधी वाटतं. बाहेर फक्त शर्टवाल्या शिंप्याकडे काजं-बटणं पोचवायला जाते. तेवढीच हवा लागते.

तू डब्यावर बसून पाठ धरून घेऊ नकोस. माझ्यावरची माया आहे तेवढी पुरे, वाढवू नकोस, ओझं होतं.
तुझी मुंगी

लॉज, खोली चार
बुधवार, १२ तारीख

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. इथली हवा कोरडी आहे. छापखान्यातल्या धुळीने खोकला झालाय, काळजीचं काही नाही. गठ्ठे फार आहेत. बघू.

सासूबाईंची काळजी घेतेसच. तुझीही घे. मामंजींना सांग, त्यांचं बरोबर आहे. गोदामामागची खिडकी खरंच एक वाजता बंद होते.

माया कमी होणार नाही.
तुझी ताई

शर्टवाल्या शिंप्याचं दुकान
रविवार, १६ तारीख

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र शिंप्याच्या कापायच्या टेबलावर उभ्याउभ्या लिहिते आहे. त्याच्या बायकोने दुकानाचा फोन नंबर छापलेला कागद दिला. उत्तर याच पत्त्यावर पाठव, घरी नको.

मायन्यात सौ. नव्हतं. तू भाषणात घसरशील, मायन्यात नाही. मायना चुकला की बाबा अख्खं पत्र फिरून लिहायला लावायचे, तुला तर एकदा सात वेळा. मी ती पहिली ओळ तीनदा वाचली. मग पत्र घडी घालून पोळपाटाखाली ठेवलं आणि कणीक मळली. रडू आलं नाही. आठ वर्षं आपण ज्याच्यासाठी दार उघडत होतो तो दाराबाहेर नाहीच हे कळल्यावर माणसाला काय होत असेल असं मला वाटायचं. काही होत नाही. घंटा वाजते आणि आपण जातो.

पण ताई, सौ. नाही हे माझ्याआधी मामंजींनी वाचलं होतं. पत्र देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी फाटकाची कडी बदलली. जुनी गंजली होती म्हणाले. नवीला कुलूप लागतं आणि किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशात असते. आज बटणं द्यायची होती म्हणून उघडून दिलं आणि किती वेळ लागेल ते विचारलं.

तुझं पत्र आल्यापासून मला एकच प्रश्न पडलाय. त्यांनी तिथली खोली आणि खिडकीची वेळ कशी सांगितली? मला वाटलं होतं, पोस्टातल्या माणसाला सगळीकडचं माहीत असतं. आता तसं वाटत नाही. जे असेल ते सरळ लिही. झाकून लिहू नकोस, इथे सगळं झाकलेलंच आहे.

आणि एक. खरं कळलं तरी मी जाऊ कशी? सासूबाईंनी काय पाप केलंय? त्या माझ्याशिवाय कुणाच्या हातचं पाणी घेत नाहीत.

माझ्यावर रागावलीस तरी माया सोडू नकोस.
तुझी मुंगी

लॉज, खोली चार
बुधवार, १९ तारीख

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

सरळ लिहिते.

आठ वर्षांपूर्वीच्या एका अंकात, पेरणीयंत्राच्या जाहिरातीखाली, चार ओळी आहेत. बोअरच्या मशीनवरील फिटर, वय चौतीस, अल्पशा आजाराने जिल्हा रुग्णालयात निधन. त्याच्या पश्चात आईवडील असा परिवार आहे. बस्स. नाव त्याचंच, वडिलांचं नाव तेच, गाव तेच. त्या परिवारात तू नाहीस, मुंगे. ज्याने छापायला दिलं त्याने तुला तिथे मारून टाकलं आणि घरी जिवंत ठेवलं.

तारीख हातात आल्यावर कारकुनाने पाच मिनिटांत वही काढली. मृत्यूच्या नोंदीत शेवटचा रकाना असतो, माहिती देणाऱ्याची सही. ती सही आपण दोघींनी तुझ्या लग्नापासून शंभर वेळा पाहिली आहे. शेवटच्या अक्षराला पोस्टाच्या शिक्क्यासारखा गोल. मामंजी इथे आले होते. त्याच खिडकीपाशी उभे राहिले होते, एक वाजण्याच्या आत. त्या साली ते चार दिवस खात्याच्या कामाला गेले असं तूच मला लिहिलं होतंस. ते पत्र माझ्या ट्रंकेत आहे. आल्यावर त्यांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही आणि तू त्यांना ताकभात भरवलास, असंही त्यात आहे.

मला त्या माणसाचा संताप येतो आणि त्या दोन दिवसांच्या उपासाने संताप अर्धवट राहतो, याचाही येतो. स्वतःच्या बायकोचं काळीज फुटेल म्हणून त्याने लपवलं असेल. पहिला महिनाभर मी ते मानते. पुढच्या पंच्याण्णव महिन्यांना दुःख म्हणत नाहीत. घरात फुकटची नर्स होती, तिला जाऊ द्यायचं नव्हतं. आणि मी? युनियनच्या गेट-मीटिंगला हजार माणसांपुढे घसा फोडणारी मी आठ वर्षं दर पत्रात तुला सौ. लिहीत राहिले. तुझ्या बाजूने कुणी उभं राहिलं नाही हे खरं आहे, आणि त्यात मी पहिली.

सासूबाईंनी पाप केलेलं नाही. त्यांनाही तुझ्यासारखंच दाराकडे तोंड करून बसवलंय. पण तुझ्या हातचं पाणी हे त्या खोटेपणाचं औषध नाही, त्याने तो फक्त जिवंत राहतो. मुलगा गेल्याचं आईला सांगणं हे बापाचं काम आहे. ते तू करायचं नाहीस आणि मीही करणार नाही. एक दिवस घंटा वाजेल आणि मामंजींना उठावं लागेल.

मी प्रमाणित नक्कल मागितली. कारकून म्हणाला, बहिणीला मिळत नाही, मेव्हणीला तर नाहीच. नक्कल मिळते आईवडिलांना, मुलांना आणि बायकोला, तीही समोर येऊन सही केल्यावर. म्हणजे दार उघडायला कागद हवा आणि कागदासाठी दाराबाहेर यायला हवं. असं कचेरीतल्यांनी ठरवून केलेलं नाही, पण ठरवून करणाऱ्यालाही इतकं चोख जमलं नसतं.

म्हणून ऐक. कुलपाचा विचार करू नकोस. शिंप्याच्या बायकोशी मी आज फोनवर बोलले. मंगळवारी सकाळी सहाला ती तुमच्या फाटकाशी येऊन बटणांची पिशवी मोठ्याने मागेल. किल्ली मागून घे. दिली तर उत्तम, नाही दिली तर तिच्या आणि शेजाऱ्यांच्या देखत पुन्हा माग. लोकांपुढे ते नाही म्हणणार नाहीत, आयुष्यभर खिडकीमागे बसलेला माणूस आहे. लग्नाचा दाखला तेवढा बरोबर घे, बाकी काही नको.

साडेसहाची बस आहे. ती अकराला इथे येते. मी स्टँडवर उभी असेन. मंगळवारी त्या बसमध्ये बस आणि एक वाजायच्या आत त्या वहीसमोर येऊन स्वतःच्या नावाने सही कर.

तुझी ताई