मागून गाणारा लॅपटॉप

तंजावूर,
माघ संपत आला.

चि. सौ. अंबुजास तुझ्या थोरल्या अक्काकडून, म्हणजे कनकलतेकडून, पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? यजमानांचा खोकला गेला का? इकडे माझी प्रकृती ठणठणीत आहे, असे मी सगळ्यांना सांगते. (हे पत्र तुझ्या सुनेच्या हाती पडणार म्हणून पुण्याच्या मराठीत लिहिते आहे. मागच्या पत्रातले माझे तंजावुरी ‘कोठें’ आणि ‘कैसें’ वाचून ती म्हणे तासभर हसली. हसू दे. आपल्या घरात निदान पत्र वाचणारी एक तरी सून आहे.)

पत्रास कारण कॉम्प्युटर. तुझा श्रीहर्ष दिवसभर त्याच्यासमोरच बसलेला असतो, तेव्हा त्याला विचारून कळव की हरिकथेत ऐन वेळी दगा देणार नाही असा लॅपटॉप कोणता. चार वर्षांपूर्वी पुण्याला निघताना तू तुझी मागची साथ त्या जुन्या लॅपटॉपात भरून दिलीस. साक्या, दिंड्या, अभंग मिळून एकसष्ट तुकडे. पद आले की मी पायाने बटण दाबायचे, एक ओळ मी म्हणायची, तीच तू मागून म्हणायची, मग पुढच्या ओळीपुरती माझ्यासाठी जागा सोडायची. चार महिन्यांचाच प्रश्न आहे, असे तू म्हणाली होतीस. लॅपटॉपने ते ऐकले असावे. चार महिने तो अगदी शहाण्यासारखा वागला.

मग त्याचे नखरे सुरू झाले, ते मी कसेबसे सांभाळत आले. पण या पोंगलनंतर पापनाशम गावी माझी सीताकल्याणाची कथा होती. रामाने धनुष्य उचलले, मी चिपळ्या वाजवल्या, बटण दाबले, तो पडद्यावर निळा उजेड आणि अक्षरे: अपडेट चालू आहे, बंद करू नका, अकरा टक्के. धनुष्य रामाच्या हातात तसेच राहिले. मृदंगावरच्या बिचाऱ्या गोपालकृष्णांनी तेवीस मिनिटे एकट्याने किल्ला लढवला (बासष्टाव्या टक्क्याला त्यांचे तोंड बघवत नव्हते). पुढच्या बायकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, त्यांनी टाळ्या दिल्या. आपल्या सभेचे कार्यक्रम ठरवणाऱ्या वासुकीमामी मात्र तिथे हजर होत्या. कथा संपल्यावर गोड आवाजात म्हणाल्या, या रामनवमीला पदे नकोत, नुसती गोष्टच सांगितलीत तर? मला असा राग आला! नुसती गोष्ट सांगायला प्रवचन करणारे उपन्यासवाले आहेत की. पण खरे सांगते, रामनवमीला पदे जमली नाहीत तर मी चिपळ्या देव्हाऱ्यात ठेवणार आहे, कायमच्या.

म्हणून दुकानदार साईरामला गाठले. त्याने आधी गेम खेळणाऱ्या पोरांचा लॅपटॉप दिला. तो अडकला नाही, पण त्याची बटणे लाल-हिरवी लुकलुकत होती आणि आतला पंखा असा घरघरत होता की लोकांना वाटले, पाठीमागे कुणी ग्राइंडरवर इडलीचे पीठ वाटते आहे. तो परत केला. मग बिनपंख्याचा आणला. त्यात फिरणारे काहीच नाही, इंटरनेट तोडलेले, अपडेट बंद, वीज गेली तर बॅटरीचा डबा वेगळा. शिवाय तेच एकसष्ट तुकडे भरलेला तसलाच दुसरा नवा लॅपटॉप शेजारी (आपल्या लग्नांतसुद्धा एवढी तयारी नव्हती). आता बिघडायला काही उरलेच नाही. तरी तालमीला बसले की तुझा आवाज माझ्या ओळीवर चढायचा, मी अजून अर्ध्यात असताना. साईराम तासभर मोबाइलवर सेकंद मोजत बसला आणि म्हणाला, “मामी, मशीन करेक्ट. तुम्हीच लेट.”

त्याचे बरोबर आहे. चार वर्षांपूर्वी माझी ओळ एका दमात जायची, आता मधे श्वास घ्यावा लागतो. तू मागे उभी असायचीस तेव्हा माझा खांदा जरा वर झाला की ओळखायचीस, हळूच शेवटचे अक्षर धरून ठेवायचीस, आणि अक्काचा दम तुटला हे गोपालकृष्णांनाही कळत नसे. बिनपंख्याचा माझ्या खांद्याकडे बघत नाही. तुझी फार आठवण येते, अंबुजा. रोज त्यातून तुझा आवाज ऐकते, तरी येते.

यजमानांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
अक्का

ता. क. — श्रीहर्षला काही विचारू नकोस. घरात तीन लॅपटॉप झाले, चौथा कुठे ठेवू? तूच ये. गुडघ्यांसाठी उंच खुर्ची सांगून ठेवली आहे. यायचे नसेल तर परस्पर वासुकीमामींना कळव, मला नको. रामनवमीच्या फलकावर काल तुझे नाव छापून आले.

पुन्हा ता. क. — कथेला उभे राहण्याआधी दर वेळी तू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायचीस, “अक्का, तूं पुढें हो, मी मागें आहें.” ते एकसष्ट तुकड्यांत दोनदा शोधले. तू ते भरलेच नाहीस.