चंद्री मारकी न्हाई

पठाणकोट

आबा, साईराजचा पाया पडून नमस्कार.

मी बरा हाय. तुमची कंबर कशी हाय? फोनवर बोलवंना, म्हणून लिहितोय.

इथं फौजेत ट्रक चालवायला शिकवताना उस्ताद डॅशबोर्डवर भरलेला मग ठेवत्यात. गाडी एकसारखी पळाली तर पाणी गप असतंय. काल मी कचकन ब्रेक दाबला. गाडी थांबली, पाणी थांबलं न्हाई, पुढं काचेवर उसळलं.

मला उंब्रजचा रस्ता आठवला. पिकअपात मागं चंद्री म्हशीला धरून तुमी उभं हुता. तुमी असंच पुढं आदळला. तिनं ढकललं न्हाई, आबा. मी मोबाईल बघत गाडी चालवत हुतो, अन् कचकन ब्रेक दाबला. म्हशीनं ढकललं म्हणून मीच सगळ्यांना सांगितलं, अन् तुमी तिला मारकी समजून विकली.

आईला कसं सांगायचं ते तुमी बघा. आधी चंद्रीला इकत घेतलेल्या कवठे महांकाळच्या पाव्हण्याला फोन लावा. तो तिला दोन दाव्यांनी बांधत असंल. एक सोडा म्हणावं.

तुमचा,
साईराज