राजमा कुणी भिजवला?

दादा,

ड्युटीवरून आलास की कुकर उघड, सूप केलंय. गरम करताना थोडं पाणी घाल, राजम्यामुळे आळून येतं. गाजर, कोबी, टोमॅटो सगळं घातलंय, उगाच नाक मुरडू नकोस.

सकाळी उठले तर ओट्यावर राजमा भिजवलेला होता. पातेल्यावर ताटली उपडी, ताटलीवर बत्ता. आई ठेवायची अगदी तसंच. ती गेल्यापासून आपल्याकडे कुणी राजमा शिजवलेला नाही. मी तर भिजवला नाही. काल मी झोपले तेव्हा तू घरात होतास खरा, पण तू जन्मात कधी स्वतःचा डबासुद्धा विसळला नाहीस!

फेकून देववेना, म्हणून सूप केलं. केलं मी, पण चव तिच्या हातची आलीय. मला दोन चमच्यांपुढे गेलं नाही.

राजमा तू भिजवला असशील, तर संध्याकाळी सांग. नसशील, तर विषयच काढू नकोस. फक्त राजम्याची बरणी ओट्यावरच राहू दे, वरच्या फळीवर ठेवू नकोस. तिचा हात पोचत नाही.