आंबागडच्या अलीकडे

भंडारा,
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

प्रिय अश्विन,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होते, पण राहू दे. मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे आणि तू पुण्याला परत गेल्यापासून रोज नव्याने चिडते आहे. फोन करून बघितला. तू तिकडून 'हो ताई, हो ताई' म्हणत होतास आणि मागे तुझी टाइप करण्याची खडखड चालू होती. व्हॉइस मेसेज तू दुप्पट वेगाने ऐकतोस, हे तर तूच हसत हसत सांगितलंस. म्हणून कागद घेतला. याला ते बटण नाही.

दिवाळीत तू माळ्यावरून मामाने दिलेला तो गेमचा डबा काढलास, तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही सांगून ठेवते. डबा चालू झाला नाही. मग तू त्याचं मेमरी कार्ड कुठल्याशा वायरने लॅपटॉपला जोडलंस, जुने गेम लॅपटॉपवर चालवणारं एम्युलेटर की काय ते लावलंस, आणि पडद्यावर तेच गाव आलं. तोच पूल, आणि पुलावर आपली तिघं उभी. मी चकलीचं पीठ हाताला तसंच ठेवून दारात उभी राहिले. तुला वाटलं, चकलीसाठी डबा मागायला आले.

तुला आठवतं का, नावाला इंग्रजी सहाच अक्षरं बसायची? अश्विन बसलं, माझ्या मंजुषाचं मंजू झालं. औषधपाणी करणारी जी बाई होती तिला आईचं नाव दिलं, तर रेवता एवढंच बसलं, बाई काही बसलं नाही. आई म्हणाली, "बरं झालं, तेवढीच जवान दिसन मी." तिने कधी रिमोट हातात धरला नाही. पण चुलीपाशी असो की बाबांच्या हातमागाजवळ सुताच्या कांड्या भरत असो, दर थोड्या वेळाने विचारायची, मी जित्ती आहो न? आणि तू ओरडून सांगायचास, आहेस, पण ताकद कमी आहे.

गेममधली माणसं इंग्रजीत बोलायची. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायची आणि आपल्या बोलीत सांगायची. अर्धं समजायचं नाही, ते मी पदरचं घालायची. पुलावरचा म्हातारा 'काहून आले जी तुमी इकडे' असं विचारायचा, आणि तुला कितीतरी दिवस खरंच वाटत होतं की जपानी लोक भंडाऱ्यासारखंच बोलतात. शेवटचा डोंगरावरचा किल्ला दिसला तेव्हा आईनेच त्याचं नाव ठेवलं, आंबागड. तिच्या माहेराजवळचा आंबागड किल्ला तसाच दिसतो म्हणाली. माझ्या माहेरचा रस्ता मलेच काय दाखवता, मीच पुढं चालतो, असं म्हणून तिने रेवताला रांगेत सगळ्यात पुढे ठेवायला लावलं. औषधवाली बाई पुढे ठेवली की पहिल्या फटक्यात मरते, हे तू तिला किती समजावलंस. तिने ऐकलं नाही.

मग तिला नागपूरला भरती करावं लागलं. रिक्षात बसताना तिने आपल्याला काय सांगितलं होतं? औषधांचं नाही, अभ्यासाचं नाही. "मी आल्याबिगर आंबागडात जाऊ नोका." ती आलीच नाही. आपण डबा टॉवेलात गुंडाळून माळ्यावर टाकला. कोणी कोणाला काही बोललं नाही, पण मला वाटत होतं की ते आपल्या दोघांचं ठरलेलं आहे.

आणि तू लक्ष्मीपूजनाच्या दुपारी, मी आत तळणात असताना, एकटा आंबागडात गेलास. गेम पळवायचं बटण एका बोटाने दाबून धरून. मला आतून आवाज येत होता. गेममधल्या ज्या गाण्याच्या चालीवर बाबांचा मागावरचा धोटा इकडून तिकडे जायचा, ते गाणं पळवल्यामुळे चिमण्या भांडाव्यात तसं किरकिरत होतं. बाबांनी माग थांबवला आणि अंगणात जाऊन बसले. तुला दिसलंही नाही. तासाभरात तू आत आलास, गरम चकली उचललीस आणि म्हणालास, ताई, संपवून टाकला बघ एकदाचा.

अरे, ताकद वाढवायला त्या माळरानात जनावरं मारत चकरा मारायच्या, त्या पळव ना. मला त्याचं काही नाही. त्या चकरांनी मीसुद्धा वैतागायची, आपण पाळ्या लावून त्या मारायचो. पण माणसं बोलायला लागल्यावरही तू बोट काढलं नाहीस. आपली आई त्या पडद्यावर बोलत होती आणि तू तिला पळवलंस. तुला बघवलं नसेल, असंही एकदा मनात येऊन गेलं. मग तसं म्हणायचं. मला हाक मारायची, मी वाचलं असतं. तू मला साधं विचारलंही नाहीस, याचा राग माझ्या डोक्यातून जात नाही.

रात्री जेवताना काय झालं ते तू विसरला असशील. मी विसरले नाही. आई गेल्यापासून बाबांनी तिचा विषय स्वतःहून काढलेला मी ऐकला नव्हता. त्या दिवशी त्यांनी भात कालवता कालवता तुला विचारलं, "मंग, पोहोचली का रे तुझी माय आंबागडले?" आणि तू मोबाइलमधून मान वर न करता म्हणालास, "मले काय मालूम बाबा. फास्टमधी होतं, मी वाचलंच नाही." बाबा बरं म्हणाले आणि ताट बाजूला सारलं. भात तसाच होता. मी तेव्हा गप्प बसले, कारण सणाचा दिवस होता. गप्प बसायला नको होतं.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. बाबा रोज संध्याकाळी माग थांबवून मला तेच विचारतात. पोहोचली का? शेवटी काय झालं तिचं? मला माहीत नाही, अश्विन. यूट्यूबवर शेवट सापडेल हे मला सांगू नकोस, तिथल्या बाईचं नाव वेगळं असेल. पदरचं घालून सांगणंही मला जमतं, सगळा गेम मी तसाच तर सांगितला. पण हे एक बनवून सांगवत नाही. तू लॅपटॉपवर जे काय केलंस ते लॅपटॉपवर, कार्डात आपण पुलावर थांबवलेला जुना खेळ तसाच राहतो, हे तूच मला शिकवलं होतंस. ते कार्ड तुझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, तू निघताना मी पाहिलं. म्हणून मी काल बाबांना खरं तेच सांगितलं, की ती अजून पुलावर उभी आहे, अश्विन आल्याशिवाय पुढे जायची नाही. ते म्हणाले, "थांबन मंग. तिले सवय आहे." आणि परत धोटा हातात घेतला. कार्ड कुरिअरने पाठवू नकोस. घेऊन ये. मी वाचीन, बाबा ऐकतील, आणि ती बोलायला लागली की तू बटणावरचं बोट काढायचं.

चिडलेली, तरी तुझीच,
ताई