शिलाई उसवली का?

ती. बाबांना,
इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. तुमचं बुधवारचं डायलिसिस नीट पार पडलं का?

आमच्या डायलिसिस वॉर्डात सुईजवळ चिकटवायची एक चकती आली आहे. ओली झाली की ती बोंब ठोकते. पहिल्याच दिवशी कुणाचा तरी चहा सांडला तर तिने सगळ्यांना पळवलं.

काल मात्र आमचे जुने पेशंट, शिंपीकाका, हात पांघरुणात घेऊन घोरत होते. मशीनला काही कळलं नाही, पण चकती ओरडली. पांघरूण काढलं तर सुई निसटलेली आणि चादर लाल. मी मशीन बंद करून हात दाबून धरला. काका डोळे चोळत म्हणाले, "काय गं, शिलाई उसवली का?" सगळा वॉर्ड हसला. मीही हसले, पण मग प्रत्येक पेशंटचं पांघरूण उचलून सुई बघून आले.

बाबा, थंडी वाजली तर मोजे घाला, पण सुईचा हात पांघरुणाबाहेरच ठेवा. तुमच्याकडे चकती नाही, ठाऊक आहे मला. पण शेजारी आई बसते. ती तर काही ओलं व्हायच्या आधीच ओरडते. ओरडू द्या तिला.

तुमची,
धाकटी