ठमीला शिस्त लावताना

४ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
ठमीने झोपेच्या जागी पुन्हा ओलं केलं. आठवड्यात चौथ्यांदा. कुत्र्यांची हौस मला कधीच नव्हती. ठमी बायकोने पाळलेली, तेरा वर्षांपूर्वी. हिला जाऊन आठ महिने झाले, ठमी माझ्या गळ्यात.
एकतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली. भल्याभल्यांना सरळ केलं, ही तर कुत्री. बाहेर नेण्याचं टाइमटेबल केलं: सहा, दहा, दोन, सहा, साडेनऊ. आठवड्यात निकाल.

५ फेब्रुवारी
दोन वाजता अंगणात व्यवस्थित केली. शाबासकी दिली. आत येऊन झोपली आणि तीन वाजता गादी ओली. शुद्ध हट्टीपणा! ओरडलो. कान पाडून ओल्या जागेकडे अशी बघत होती, जणू दुसऱ्याच कुणी केलंय. नाटकी.

७ फेब्रुवारी
लेकीचा फोन. बाबा, डॉक्टरांना दाखवा म्हणाली. म्हटलं, सगळं कंट्रोलमध्ये आहे. (फरशी पुसतच बोलत होतो.)
नवा नियम: चारनंतर पाणी बंद. आत गेलंच नाही तर बाहेर येईल कुठून? साधं गणित.

८ फेब्रुवारी
बाथरूमच्या बादलीतलं पाणी प्यायली. चोर. दार लावून घेतलं.

१० फेब्रुवारी
वास फार उग्र येतोय. सारखी स्वतःला चाटते. दर दहा मिनिटांना बसते, थेंबभर होते. शेजारच्या शिंपीणबाई नाकाला पदर लावून गेल्या. ठमीची रवानगी गॅलरीत. निर्णय पक्का.
ती भुंकत नाही. दाराच्या फटीला नाक लावून बसते. मला काही वाटत नाही.

११ फेब्रुवारी
लघवीत रक्त.

१२ फेब्रुवारी
दवाखान्यात नेलं. केवळ लेकीच्या समाधानासाठी. डॉक्टर तरुण बाई. वाटलं, टाइमटेबल बघून खूश होतील. त्यांनी ते उलटं करून टेबलावर ठेवलं.
म्हणाल्या, ती मुद्दाम करत नाही, झोपेत आपोआप होतं. पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन झालेल्या माद्यांचा तिथला स्नायू वयाने सैल पडतो. तिला कळतही नाही. पाणी तोडल्याने लघवी दाट झाली, त्यात इन्फेक्शन. पाण्याचं भांडं कायम भरलेलं ठेवा, अंग धुऊन कोरडं करा, रागावू नका. इन्फेक्शनची गोळी दहा दिवस, स्नायूची बहुतेक जन्मभर.
मी विचारलं, माणसांतही असंच होतं का? म्हणाल्या, होतं की, आजारपणात तर हमखास.
म्हटलं, सहज विचारलं. जनरल नॉलेज.

१३ फेब्रुवारी
लिहिण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी ५
हिच्या शेवटच्या दिवसांत मी हिचंही टाइमटेबल केलं होतं. दर दोन तासांनी. चादरी धुऊन धुऊन हात सोलवटले होते माझे. जरा मनावर घे, म्हणायचो. ती सॉरी म्हणायची. पुढे आपणहून पाणी पिणं कमी केलं. चादर कोरडी राहिली त्या दिवशी मी शाबासकी दिली होती.
डॉक्टर म्हणाले, शरीरातलं पाणी कमी झालंय. मी म्हटलं, उन्हाळा आहे.
उन्हाळा होताच.

२१ फेब्रुवारी
चार दिवस गादी कोरडी! ठमी पुन्हा खोलीत. लेकीला फोनवर सांगितलं, नियमितपणाचा परिणाम. गोळ्यांचं सांगायचं राहून गेलं.
रविवारी ती येतेय. तिला तिच्या आईचं सगळं सांगणार. मुद्देसूद. कागदावर काढून ठेवलंय.

२५ फेब्रुवारी, रविवार
लेक आली. जेवणं झाली. कागद सापडला नाही, म्हणजे खिशातच होता. ठमीच्या लघवीपासून सुरुवात केली आणि तिथेच घोटाळत बसलो.
शेवटी तीच म्हणाली, बाबा, आई पाणी कमी पीत होती ते मला माहीत होतं. तिनेच फोनवर सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगणार होते, पण तिने शपथ घातली. म्हणाली, त्यांना बोलू नकोस, फार वाईट वाटेल त्यांना.
मग लेक रडली. तिला वाटतं चूक तिची, शपथ पाळली म्हणून. मी पाठीवर हात ठेवला. तुझी काही चूक नाही एवढं म्हणालो. पुढचं बोलवलं नाही.
ती साडेसहाच्या गाडीने गेली.
छत्तीस वर्षांच्या संसारात हिचा माझ्याबद्दलचा अंदाज तेवढा चुकला. तेव्हा कळलं असतं तर मला वाईट वाटलं नसतं. राग आला असता.